रात्री वर, दिवसा खाली: अरबी समुद्रातील रोजचे स्थलांतर आणि त्याबरोबर उतरणाऱ्या कार्बनचा हिशेब कसा मांडावा

सूर्य मावळायला तासभर असताना खोल समुद्रात थांबलेल्या जहाजाच्या प्रतिध्वनिमापकाकडे पाहत बसले, तर तीनशे-चारशे मीटरांवर आडवा पसरलेला एक धूसर पट्टा हळूहळू वर सरकू लागतो. समुद्राचा तळ त्याच्याही खाली दोन-तीन हजार मीटरांवर असतो, त्यामुळे हा पट्टा तळाचा नाही हे उघड असते. १९४२ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगोजवळ पाणबुड्यांच्या शोधासाठी ध्वनिलहरींचे प्रयोग चालले असताना हा थर पहिल्यांदा नीट नोंदला गेला आणि तो पाहणाऱ्यांना त्याचा उलगडा होईना. तो संध्याकाळी वर चढतो आणि पहाटे खाली उतरतो हे स्क्रिप्स या सागरविज्ञान संस्थेतील मार्टिन जॉन्सन यांनी १९४५ मध्ये दाखवले. एवढ्या नियमाने जाणारा-येणारा थर सजीवांचाच असणार, हा निष्कर्ष त्यातून निघाला. गोड्या पाण्यातील डॅफ्निया (पाणपिसवा) दिवसभरात असेच वरखाली होतात, हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८१७ मध्येच लिहून ठेवले होते. मात्र समुद्रातील या वर्दळीचा आवाका युद्धकाळातल्या यंत्रांमुळे कळला. वजनाच्या मापाने पाहिले तर पृथ्वीवर रोज होणारे सर्वांत मोठे स्थलांतर हेच आहे.

सागरविज्ञानाचे किंवा प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि मच्छीमारांच्या बोटीवर एक-दोन रात्री काढण्याची तयारी असलेले जिज्ञासू यांच्यासाठी ही पद्धत येथे मांडली आहे. उदाहरण अरबी समुद्राचे घेतले आहे. तो आपल्या दारचा समुद्र आहे हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे कारण असे की, या समुद्रात स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांना जवळजवळ प्राणवायू नसलेल्या पाण्यात दिवस काढावा लागतो, आणि त्यामुळे नेहमीची सूत्रे येथे तपासून घ्यावी लागतात. संपूर्ण हिशेबात एकच प्रश्न सतत समोर ठेवावा: प्राण्याने वर खाल्लेला कार्बन त्याने किती खोलीवर जाऊन सोडला? किती प्राणी आले, किती गेले, त्यांनी काय खाल्ले हे सारे मोजायचे ते याच उत्तरासाठी.

पात्रांची ओळख आधी करून घ्यावी

जाळे पाण्यात टाकण्यापूर्वी कोण कुठून कुठे जातो याचा एक कच्चा तक्ता वहीत काढावा. अरबी समुद्रात अन्नसाखळीच्या पायाशी सूक्ष्म वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या वनस्पती), त्यांच्यावर चरणारे कोपेपॉड (कोळंबीच्या गोत्रातले बारीक जीव) आणि इतर प्राणिप्लवक (पाण्याबरोबर वाहणारे लहान प्राणी), त्यांना खाणारे कंदील मासे (अंगावर प्रकाश देणारे ठिपके असलेले छोटे मासे), कंदील माशांवर तुटून पडणारे जांभळ्या पाठीचे माकुल, आणि माकुलांमागे कुपा व डॉल्फिन अशी साखळी ढोबळमानाने मांडता येते. कंदील माशांच्या सुमारे अडीचशे जाती जगभर आहेत. त्यांपैकी बेंथोसेमा टेरोटम ही जेमतेम बोटभर लांबीची, वर्षभरच जगणारी जात ओमानच्या आखातात आणि उत्तर अरबी समुद्रात विपुल आहे. नॉर्वेच्या ‘डॉ. फ्रिट्यॉफ नान्सेन’ या जहाजाने १९७० च्या दशकात या भागाची पाहणी केली. त्या आणि नंतरच्या पाहण्यांच्या आधारे उत्तर अरबी समुद्रातील कंदील माशांचे एकूण वजन १० कोटी टनांच्या आसपास असावे, असा अंदाज मांडला गेला. हा आकडा पुढे बराच वादग्रस्त ठरला, तेव्हा तो वापरायचा झाल्यास ‘अंदाज’ हा शब्द सोडू नये.

तक्ता काढताना सगळ्यांना एकाच दिशेने जाणारे समजू नये. वाकटी, जिला रत्नागिरीकडे बळा म्हणतात, तिची मोठी मासळी दिवसा वर चरते आणि रात्री तळाकडे जाते. तिचीच लहान पिल्ले मात्र दिवसा तळाच्या बाजूला थव्याने राहतात आणि रात्री वर येतात. म्हणजे एकाच जातीचे दोन वयोगट उलट वेळापत्रकाने चालतात. अशा प्राण्यांना तक्त्यात स्वतंत्र ओळ द्यावी, नाहीतर पुढे वजाबाकीत त्यांची गल्लत होते.

वर येण्याचे कारण भूक आणि खाली जाण्याचे कारण भीती, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ. अन्न उजेडाच्या थरात तयार होते, पण उजेडात शिकाऱ्याला भक्ष्य दिसते. म्हणून अंधारात जेवायचे आणि दिवसा काळोख्या पाण्यात दडायचे. या व्यवस्थेचा अन्नजाळ्यावर होणारा परिणाम साध्या साखळीत दिसत नाही. वरचा थर रात्री एका वेगळ्याच चरणाऱ्या जमावाच्या ताब्यात जातो, आणि खोलातल्या शिकाऱ्यांना दर पहाटे पोट भरलेले भक्ष्य घरपोच मिळते. काही प्राणी हजार मीटरांवरून चारशेपर्यंतच येतात, काही चारशेवरून शंभरपर्यंत, काही शंभरवरून पृष्ठभागापर्यंत. त्यांचे पट्टे एकमेकांत गुंतलेले असल्याने अन्न हातोहात खाली जाते. रशियन सागरशास्त्रज्ञ विनोग्रादोव्ह यांनी याला स्थलांतराची शिडी म्हटले होते.

किनाऱ्याजवळचा सराव

मुंबईसमोर उथळ सागरमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा कमी खोलीचा समुद्रतळ, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. कंदील माशांचे खोल पाणी त्याच्या पलीकडे असल्याने मासेमारीच्या लहान बोटीतून ते स्थलांतर पाहता येत नाही, आणि कोणी तसा आग्रह धरल्यास नम्रपणे नकार द्यावा. हात बसवण्यासाठी मात्र २० ते ४० मीटर खोलीचे पाणी पुरेसे आहे. तेथे कोपेपॉड, बाणकिडे, खेकड्यांचे डिंभ (अळीच्या अवस्थेतील पिल्ले) आणि जवळा यांची रात्रीची ये-जा पाहायला मिळते. जवळ्याचे अन्नजाळ्यातील स्थान समजून घेण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचीही गरज नाही: डोल जाळ्यात आलेल्या ताज्या बोंबिलाचे पोट चिरावे, आत बहुधा गुलाबीसर जवळाच सापडतो.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा धरावा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीवर बंदी असते आणि पावसाळ्यात या कामासाठी समुद्रात जाण्याचा विचारही करू नये. परवाना असलेली बोट, अनुभवी तांडेल, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आणि बंदरावर दिलेली रीतसर वर्दी याशिवाय निघू नये. रात्र काळोखातली निवडावी. चांदण्यात प्राणी कमी वर येतात किंवा मधल्याच खोलीवर थांबतात, हे आपल्या मच्छीमारांना सांगावे लागत नाही. पहिल्या दोन फेऱ्या अमावास्येच्या आसपास कराव्यात आणि मग तुलनेसाठी एक पौर्णिमेला.

आता उथळ पाण्यातली खरी अडचण. अमावास्येलाच उधाण असते, मुंबईकडे भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरांपर्यंत जातो, आणि तेवढ्या ओढीने सबंध पाणीच बदलते. दुपारी भरतीच्या पाण्यात घेतलेला नमुना आणि रात्री ओहोटीच्या पाण्यात घेतलेला नमुना यांची तुलना केली, तर दिसणारा फरक प्राण्यांच्या पोहण्याचा की पाण्याच्या वाहण्याचा हे सांगता येत नाही. यावर सोपा उपाय आहे. भरतीचे एक आवर्तन सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. म्हणून पहिला नमुना दुपारी १२ वाजता घेतला तर दुसरा रात्री १२ वाजून २५ मिनिटांनी घ्यावा, म्हणजे पाणी जवळपास त्याच अवस्थेत भेटते. आपल्याकडे दिवसाच्या दोन भरत्यांची उंची सारखी नसते, त्यामुळे भरतीच्या कोष्टकातील उंचीही नमुन्याच्या ओळीतच लिहून ठेवावी.

जाळे ओढताना

प्राणिप्लवकाचे २०० मायक्रॉन छिद्रांचे शंकूच्या आकाराचे जाळे घ्यावे. तोंडाचा व्यास ५० सेंटीमीटर असेल तर तोंडाचे क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर भरते, आणि ४० मीटरांवरून सरळ वर ओढल्यास सुमारे ७.८ घनमीटर पाणी गाळले जाते. तोंडाशी प्रवाहमापक बसवलेला असावा, कारण जाळ्याची छिद्रे चिकट प्लवकाने बुजली की प्रत्यक्षात गाळलेले पाणी या हिशेबापेक्षा कमी असते.

दोरीचा कोन मोजणे टाळू नये. ओढीमुळे दोरी तिरपी होते, आणि ४५ अंशांत कललेली ५० मीटर दोरी प्रत्यक्षात ३५ मीटरच खोल गेलेली असते. माझ्या पहिल्या फेरीत मी दुपारचे कोन लिहिले आणि रात्री थंडीने हात गारठल्यावर ते लिहिणे सोडून दिले. सकाळी वही उघडली तेव्हा रात्रीचे सहाच्या सहा नमुने नेमके किती खोलीचे हे कोणालाच सांगता येईना. बाटल्या भरगच्च होत्या आणि निरुपयोगी होत्या. तेव्हापासून कोनमापक दोरीलाच बांधून ठेवतो आणि मोठ्याने वाचायला दुसरा माणूस नेमतो.

नमुना बाटलीत घेतल्यावर फॉर्मेलिन घालण्यापूर्वी दोन मिनिटे तो टॉर्चसमोर धरून पाहावा. दिवसाच्या बाटलीत बहुधा पारदर्शक, बारीक कोपेपॉड झटके देत फिरताना दिसतात. रात्रीच्या बाटलीत त्यांच्यात मोठे, गढूळ तांबूस अंगाचे पाहुणे मिसळलेले असतात आणि टॉर्चचा झोत पडताच ते एका कडेला गर्दी करतात. सागरमंचाच्या पलीकडून, संशोधन-जहाजावरून आणलेला नमुना मिळाला, तर त्यात प्ल्युरोमॅमा हा कोपेपॉड अवश्य शोधावा: त्याच्या छातीच्या एकाच बाजूला एक गडद काळा ठिपका असतो, जणू काजळाची तीट. प्ल्युरोमॅमा इंडिका ही जात अरबी समुद्रात रोज वरखाली करते आणि दिवस कमी प्राणवायूच्या थरात काढते. हा ठिपका ओळखता येऊ लागला की निम्म्याहून अधिक ओळख झाली असे समजावे.

नमुना टिकवण्यासाठी टाकणखाराने उदासीन केलेले ४ ते ५ टक्के फॉर्मेलिन वापरावे, हातमोजे घालावेत आणि हे काम बोटीच्या उघड्या भागात, वाऱ्याकडे पाठ करून करावे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी. बाहेरची शाई सकाळपर्यंत राहत नाही.

दिवस-रात्रीची वजाबाकी आणि तिचा फसवेपणा

रात्रीच्या वरच्या थरातील प्राण्यांमधून दिवसाच्या वरच्या थरातील प्राणी वजा केले की स्थलांतर करणारे उरतात, ही मूळ कल्पना. ती बरोबर असली तरी तिच्यात एक खोच आहे. दिवसा प्राण्याला जाळे दिसते आणि तो बाजूला होतो. त्यामुळे दिवसाचा आकडा खोटा कमी येतो आणि स्थलांतर आहे त्यापेक्षा मोठे भासते. हे तपासण्यासाठी तळापासून पृष्ठभागापर्यंतचा पूर्ण नमुनाही दोन्ही वेळी घ्यावा. पूर्ण स्तंभातील बेरीज दिवसा आणि रात्री सारखी आली, तर प्राणी केवळ जागा बदलत आहेत. ती दिवसा लक्षणीय कमी आली, तर काही प्राणी जाळे चुकवत आहेत किंवा उथळ पाण्यात ते चिखलाला बिलगून बसले आहेत. मासे आणि माकुल तर जाळ्याला सहसा दाद देत नाहीत. जगातील मध्यसागरी, म्हणजे २०० ते १,००० मीटर खोलीतल्या, माशांचे वजन १ अब्ज टन असावे, असा जुना अंदाज जाळ्यांवर आधारलेला होता. २०१० मध्ये निघालेल्या स्पेनच्या मालास्पिना मोहिमेत ध्वनिमापन केले गेले आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते त्याच्या दहापटही असू शकते. जाळ्याला चुकवणाऱ्यांची संख्या किती असते याचा यावरून अदमास यावा.

म्हणून मोठ्या प्राण्यांसाठी ध्वनीचा आधार घ्यावा. ट्रॉलरवरील फिशफाइंडर बहुधा ५० आणि २०० किलोहर्ट्‌झवर चालतो. सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत दर १० मिनिटांनी पडद्याचे छायाचित्र घ्यावे, पण त्याआधी यंत्राची आपोआप संवेदनक्षमता बदलण्याची सोय बंद करावी. नाहीतर थर फिका पडला की यंत्रच आवाज वाढवते आणि फरक पुसला जातो. थराची वरची कड छायाचित्रांतून मोजून वेळेसमोर मांडावी. ३०० मीटरांचे अंतर दीड तासात कापले, तर वेग सेकंदाला साडेपाच सेंटीमीटर पडतो. हाताच्या पेरापेक्षा लहान प्राण्यासाठी हा मोठा प्रवास आहे. पडद्यावर दाट दिसणारा थर म्हणजे वजनाने मोठा थर, असे मात्र मानू नये. पोहण्याची हवेची पिशवी असलेला लहानसा मासा जोरदार प्रतिध्वनी देतो, तर तिच्याऐवजी चरबी बाळगणारा तेवढाच मासा किंवा लिबलिबीत जेलीफिश जवळजवळ अदृश्य राहतो.

कार्बनचा जमाखर्च

आता वहीचे खरे पान उघडावे. त्यावर खाली जाणाऱ्या कार्बनची चार खाती करावीत: खाली असताना सोडलेला श्वास, मूत्रावाटे आणि पाझरून जाणारा विरघळलेला कार्बन, खाली टाकलेली विष्ठा, आणि खालीच मेलेले किंवा खाल्ले गेलेले प्राणी. पहिले खाते सर्वांत भरवशाचे आहे, म्हणून तेच सविस्तर करून दाखवतो.

समजा, खोल पाण्यातील एका ठाण्यावर वरच्या २०० मीटरांत रात्री दर चौरस मीटरखाली १० मिलिलिटर आणि दिवसा ६ मिलिलिटर प्राणिप्लवक सापडले. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. फरक ४ मिलिलिटर. भारतीय किनाऱ्यावरील अभ्यासांत बराच काळ वापरात असलेल्या गुणकानुसार १ मिलिलिटर प्राणिप्लवकाचे कोरडे वजन ७५ मिलिग्रॅम आणि त्यात कार्बन सुमारे ३४ टक्के धरतात. म्हणजे स्थलांतर करणाऱ्यांचे कोरडे वजन ३०० मिलिग्रॅम आणि त्यांच्या अंगातला कार्बन सुमारे १०३ मिलिग्रॅम. एकेक प्राणी ०.१ मिलिग्रॅम कोरड्या वजनाचा मानला तर ते ३,००० प्राणी झाले.

श्वसनासाठी जपानी शास्त्रज्ञ इकेदा यांचे १९८५ चे सूत्र वापरावे. मिलिग्रॅममधील कोरड्या वजनाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन त्याला ०.७८८६ ने गुणावे, त्यात अंश सेल्सिअसमधील तापमानाची ०.०४९ पट मिळवावी आणि ०.२५१२ वजा करावे. आलेली संख्या ही ताशी वापरलेल्या प्राणवायूच्या मायक्रोलिटरांचा नैसर्गिक लॉगॅरिदम असते. आपल्या प्राण्यासाठी, ३०० मीटरांवरील पाणी १२ अंशांचे धरल्यास, उत्तर ताशी सुमारे ०.२३ मायक्रोलिटर येते. त्याला ०.९७ या श्वसनगुणांकाने (सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला प्राणवायू) आणि १२ भागिले २२.४ या संख्येने (कार्बनचा अणुभार भागिले एक मोल वायूचे लिटर) गुणले की ताशी ०.१२ मायक्रोग्रॅम कार्बन मिळतो. बारा तासांचे १.४ मायक्रोग्रॅम, आणि ३,००० प्राण्यांचे मिळून दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे ४.३ मिलिग्रॅम. अंगातल्या कार्बनच्या मानाने हे रोज ४ टक्के होतात. हेच गणित २८ अंशांच्या पृष्ठभागाच्या पाण्यासाठी केले तर ताशी प्राणवायू ०.५० मायक्रोलिटर लागतो, म्हणजे दुपटीहून अधिक. थंड पाण्यात दिवस काढणे हे दडण्याबरोबरच काटकसरीचेही असते.

दुसऱ्या खात्यासाठी बर्म्युडाजवळ झालेल्या प्रयोगांचा आधार घेता येतो. तेथे स्थलांतर करणाऱ्या प्राणिप्लवकांनी वापरलेल्या एकूण कार्बनचा सरासरी २४ टक्के भाग विरघळलेल्या सेंद्रिय रूपात बाहेर पडला होता. तो जमेस धरला तर ४.३ चे ५.६ होतात.

विष्ठेच्या खात्यात अतिउत्साह टाळावा. कोपेपॉडचे आतडे अर्ध्या ते एका तासात रिकामे होते, तर खाली पोहोचायला त्याला तासाहून अधिक लागतो. म्हणून ‘पोटभर खाऊन खाली जाऊन टाकतो’ हे चित्र त्याच्या बाबतीत बरेचसे कल्पनेतले आहे. माशांचे पचन कित्येक तास चालते, त्यांची विष्ठा दिवसाला शेकडो मीटर वेगाने बुडते, आणि तेथे हे खाते खरोखर भरते. मृत्यूच्या खात्यात संख्या लिहिणे सर्वांत अवघड. माकुलांच्या पोटात सापडलेल्या कंदील माशांच्या कानातील खडे मोजून अंदाज बांधतात, पण पहिल्या प्रयत्नात ही जागा रिकामी ठेवली तरी चालेल.

आलेल्या आकड्याला संदर्भ हवा. अरबी समुद्रात वनस्पतिप्लवकांकडून रोज दर चौरस मीटरला सुमारे १ ग्रॅम कार्बन बांधला जातो, त्यापुढे ५.६ मिलिग्रॅम म्हणजे किरकोळ वाटेल. तुलना मात्र खाली पोहोचणाऱ्या कणांशी करायची असते. मार्टिन आणि सहकाऱ्यांच्या १९८७ च्या सूत्रानुसार १०० मीटरांवरून निघालेला कणरूप कार्बन ३०० मीटरांपर्यंत सुमारे ३९ टक्के, ५०० मीटरांपर्यंत २५ टक्के आणि १,००० मीटरांपर्यंत १४ टक्के उरतो. बाकीचा वाटेत जीवाणू आणि प्राणी फस्त करतात. १०० मीटरांवर ६० मिलिग्रॅम धरले तर ३०० मीटरांवर २३ उरतात, आणि त्यांच्याशेजारी प्राण्यांनी स्वतः वाहून नेलेले ५.६ ठेवले की हमालांचे मोल कळते. जगभराच्या प्रतिमानांत प्राण्यांच्या या वाहतुकीचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास येतो, पण ठिकाणानुसार तो पुष्कळ बदलतो.

येथे अरबी समुद्र सूत्राला अडवतो

साधारण १५० मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत या समुद्रात प्राणवायू अत्यल्प आहे. इकेदांचे सूत्र मुबलक प्राणवायूच्या पाण्यातील प्राण्यांवरून बांधलेले आहे. या थरात दिवस काढणारे प्राणी चयापचय मंदावतात, जवळजवळ निपचित राहतात, आणि रात्री वर येऊन ती उधारी फेडतात. त्यामुळे वरचे ४.३ मिलिग्रॅम ही अरबी समुद्रासाठी कमाल मर्यादा समजावी, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे. मग हे प्राणी तेथे जातातच कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. कुप्यासारखा चपळ शिकारी अशा पाण्यात फार वेळ टिकत नाही, हे त्याचे उत्तर. अर्थात माकुलाने ही तटबंदी फोडली आहे. जांभळ्या पाठीचा माकुल त्या थरात उतरतो.

प्राण्यांचा परिणाम कार्बनपुरता थांबत नाही. ते खाली असताना उरलासुरला प्राणवायूही वापरतात आणि अमोनियम सोडतात. प्राणवायू नसलेल्या पाण्यात काही जीवाणू या अमोनियमवर जगतात आणि नायट्रोजनचे वायूत रूपांतर करतात. म्हणजे प्राण्यांनी खाली नेलेले खत पुन्हा वर वनस्पतिप्लवकांना मिळण्याऐवजी कायमचे हातचे जाते. एका मार्गाने कार्बन खाली जातो आणि त्याच मार्गाने वरच्या शेताचे खतही. हा दुसरा भाग लेखांमध्ये फार क्वचित येतो, निदान तुमच्या अहवालात यावा.

खोलीची अट

आता सुरुवातीचा प्रश्न. प्राण्याने श्वास ८० मीटरांवर सोडला तर त्याला कार्बन बुडवणे म्हणू नये. उत्तर अरबी समुद्रात ईशान्य मान्सूनच्या थंडीत वरचा मिसळलेला थर १०० मीटरांच्या आसपास उतरतो आणि त्या खोलीपर्यंतचे सारे पुन्हा हवेच्या संपर्कात येते. म्हणून सीमारेषा हिवाळ्यातील मिसळणीच्या खाली धरावी. २०० मीटर ही कामचलाऊ रेषा आहे, ५०० अधिक भरवशाची. आपल्या ४० मीटरांच्या सराव-ठाण्यावरील स्थलांतराने कार्बन एक दिवससुद्धा साठत नाही, आणि तेथील आकड्यांवरून ‘जवळा हवामान वाचवतो’ अशा थाटाचा मथळा कोणी दिला तर तो खोडून काढणे हे नमुना घेणाऱ्याचेच काम आहे.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. जैविक पंपाने, म्हणजे सजीवांमार्फत कार्बन खोल नेण्याच्या या सगळ्या व्यवस्थेने, जगभरात दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन वरच्या थरातून खाली जातो असे सांगितले जाते, आणि योगायोगाने माणसाचे जीवाश्म इंधनांचे वार्षिक उत्सर्जनही कार्बनच्या मापात तेवढेच आहे. म्हणून पंपाने आपले उत्सर्जन फेडले असे नव्हे. खाली गेलेला कार्बन खोल पाण्याबरोबर पुन्हा वरही येतो. पंप पूर्वीपासून चालू आहे आणि त्याचा समतोल ठरलेला आहे. अरबी समुद्र हे याचे उत्तम उदाहरण: नैर्ऋत्य मान्सूनचे वारे ओमानच्या किनाऱ्यालगत खोलचे कार्बनयुक्त पाणी वर खेचतात, आणि एवढे प्राणी रोज राबत असूनही हा समुद्र वर्षाच्या हिशेबात हवेला कार्बन डायऑक्साइड देणाराच ठरतो. प्राणी नसते तर तो याहून अधिक देता, एवढेच म्हणता येते.

देवमाशांचे खाते वेगळे ठेवावे

देवमासे खोलवर खातात आणि पृष्ठभागाजवळ विष्ठा टाकतात, म्हणजे खत उलट दिशेने वर आणतात. दक्षिण महासागरातील १२,००० स्पर्म देवमासे वर्षाला सुमारे ५० टन लोह पृष्ठभागावर टाकतात आणि त्यातून होणाऱ्या प्लवकवाढीमुळे श्वसन वजा जाता सुमारे २ लाख टन कार्बन खाली जातो, असा हिशेब २०१० मध्ये मांडला गेला. तो तेथे लागू पडतो, कारण त्या पाण्यात लोहाचीच वाण आहे. अरबी समुद्रावर अरबस्तान आणि थरच्या वाळवंटांची धूळ पडते, त्यामुळे तो गुणक उचलून येथे चिकटवू नये.

शिवाय येथील कुबड्या देवमासा ध्रुवाकडे जाणारा प्रवासीच नाही. जगातील इतर कुबड्या देवमासे थंड समुद्रात खाऊन उष्ण समुद्रात पिल्ले घालतात, तर अरबी समुद्रातील हे वर्षभर येथेच चरतात आणि येथेच विणतात. ओमानमध्ये उपग्रह-खूण लावलेली ‘लुबान’ नावाची मादी २०१७-१८ च्या हिवाळ्यात समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याकडे आली होती, म्हणजे तिचे स्थलांतर पूर्व-पश्चिम होते. ओमानच्या बाजूस त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यास सोव्हिएत ताफ्यांनी यांपैकी २४२ मारले होते. इतक्या थोड्या प्राण्यांच्या कार्बनला आपल्या वहीत आज जवळजवळ शून्य लिहावे लागते, आणि ते शून्य मूळचे नव्हे, हे शेजारी टीप म्हणून लिहावे.

अहवाल लिहिताना प्रत्येक आकड्यापुढे दोनपैकी एक खूण करावी: ‘मोजलेला’ किंवा ‘उसना’. वरच्या उदाहरणात १० आणि ६ मिलिलिटर एवढेच मोजलेल्या रकान्यात बसतात. ७५ मिलिग्रॅम, ३४ टक्के, १२ अंश, ०.९७, २४ टक्के आणि १०० मीटरांवरचे ६० मिलिग्रॅम हे सारे उसने आहेत. उत्तर एका आकड्यात न देता कक्षेत द्यावे, नमुन्याचा अर्धा भाग न मोजता तसाच जपून ठेवावा, आणि पुढच्या काळोखात निघण्यापूर्वी दोरीला कोनमापक बांधला आहे ना ते पाहावे.